चोर-शिपायाचा खेळ : इटलीतील पोलीसपटाचे एक विडंबन

चोर-शिपायाचा खेळ न खेळलेले मूल आपल्याकडे सापडणे कठीण. घराचे अंगण असो, शाळेचे पटांगण असो, देवळाचे वा चर्चचे आवार असो, मुले जमली की त्यांत दोन तट पडतात. एक तट पळतो, दुसरा त्याचा पाठलाग करतो. डाव संपला की भूमिका बदलतात. मघाचा चोर आता शिपाई होतो आणि शिपायाच्या वाट्याला चोराची धावपळ येते. हा बदल मुलांना इतका स्वाभाविक वाटतो, की त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. इटलीतील मुलेही हाच खेळ खेळतात आणि त्याला 'ग्वार्दिए ए लाद्री', म्हणजे 'शिपाई आणि चोर', असेच म्हणतात. १९५१ साली रोममध्ये तयार झालेल्या एका विनोदपटाने खेळाचे हे नाव जसेच्या तसे उचलले. आज त्या चित्रपटाविषयी, आणि त्या निमित्ताने पोलीसपटाचे विडंबन कशास म्हणावे याविषयी, मी आपणांस चार गोष्टी सांगणार आहे.

विडंबन ही वस्तू मराठी वाचकाला नवीन नाही. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' आपल्या परिचयाची आहेत. विडंबन म्हणजे निव्वळ टिंगल नव्हे. ज्याचे विडंबन करावयाचे त्याचा साचा विडंबनकाराने मन लावून अभ्यासलेला असावा लागतो. तो साचा तो मोडीत नाही. तो तसाच ठेवून त्यात भलताच माल ओततो. साचा ओळखीचा आणि माल अनपेक्षित, या दोहोंच्या विसंगतीतून हसू उमटते. परंतु चांगले विडंबन हसवून थांबत नाही. मूळ साच्यात काय मावत नव्हते, कोणती गोष्ट सोयीस्करपणे बाहेर ठेवली होती, हेही ते दाखवून देते.

आता पोलीसपटाचा साचा पाहू. पहिली गोष्ट अशी, की त्यात पोलीस आणि गुन्हेगार या दोन निराळ्या जाती मानलेल्या असतात. एकाच्या अंगी सारे धैर्य, दुसऱ्याच्या अंगी सारे कपट. दुसरी गोष्ट, दोघेही आपापल्या कामात विलक्षण तरबेज असतात. पळताना कोणाला दम लागत नाही आणि योजलेला बेत सहसा फसत नाही. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या लोकांना घर नसते. पाठलाग चालू असताना चोराच्या घरी चूल पेटली आहे की नाही, आणि शिपायाची बायको जेवणासाठी कितीवेळ खोळंबली आहे, हे विचारण्याची तेथे सोयच नसते.

इटलीत हा साचा मुख्यतः बाहेरून आला. तेथे रहस्यकथेला 'जाल्लो', म्हणजे 'पिवळी', असे म्हणतात. कारण मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून अशा कादंबऱ्या पिवळ्या वेष्टनात काढल्या आणि तो रंगच त्या वाङ्मयप्रकाराचे नाव होऊन बसला. मुसोलिनीच्या राजवटीला मात्र या कथा रुचल्या नाहीत. सुव्यवस्थित राष्ट्रात गुन्हे घडतात असे दाखविणेच त्या राजवटीला गैर वाटे. १९४१ साली ही पिवळी माला बंद पडली. युद्ध संपले, राजवट कोसळली आणि १९४५ नंतर अमेरिकन चित्रपटांचा लोंढा इटलीत शिरला. त्यासोबत पिस्तुले, भरधाव मोटारी आणि निर्विकार चेहऱ्याचे पोलीस अधिकारीही आले. परंतु पडद्यासमोर बसलेला रोमचा प्रेक्षक उपाशी होता. कित्येकांना काम नव्हते, राहण्यास जागा नव्हती आणि परदेशाहून येणाऱ्या मदतीच्या गाठोड्यांसाठी रांगा लागत होत्या. त्या काळचे हे दारिद्र्य व्हित्तोरिओ दे सीका यांच्या १९४८ सालच्या 'सायकल चोर' या चित्रपटाने जगाला दाखविले. १९५२ साली मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा तो आपल्याकडेही पाहिला गेला आणि आपल्या अनेक दिग्दर्शकांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. 'शिपाई आणि चोर' याच रोममध्ये, याच भुकेच्या शेजारी घडतो. फरक इतकाच, की येथे डोळे पुसण्याऐवजी हसण्याचा मार्ग पत्करला आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शक दोन : मारिओ मोनिचेल्ली आणि स्तेनो. स्तेनो हे टोपणनाव. त्यांचे खरे नाव स्तेफानो वान्झिना. चोराच्या भूमिकेत तोतो आहे. नेपल्समध्ये १८९८ साली जन्मलेला हा नट इटलीचा सर्वांत लाडका विदूषक होता. लांबट, वाकडी हनुवटी आणि कळसूत्री बाहुलीसारखे हलणारे अंग ही त्याची ओळख. शिपायाच्या भूमिकेत आल्दो फाब्रित्सी हा अवाढव्य देहाचा नट आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच फाब्रित्सीने १९४५ सालच्या 'रोम, खुले शहर' या रोस्सेल्लिनीच्या चित्रपटात जर्मनांच्या गोळीला बळी पडणाऱ्या धर्मगुरूची भूमिका केली होती. ज्या प्रेक्षकांनी त्याला हौतात्म्य पत्करताना पाहिले होते, त्यांच्यापुढे तो आता घाम पुसणारा हवालदार होऊन उभा राहिला.

कथा साधी आहे. फेर्दिनान्दो एस्पोझितो हा किरकोळ भामटा. प्राचीन रोमच्या भग्नावशेषांत तो एका अमेरिकन प्रवाशाला बनावट नाणे पुरातन म्हणून विकतो. पुढे गरिबांना मदतीची गाठोडी वाटण्याचा समारंभ असतो. फेर्दिनान्दोही तेथे जातो, आणि पाहतो तो वाटप करणारे गृहस्थ म्हणजे आपण फसविलेले तेच अमेरिकन! ते त्याला ओळखतात, आरडाओरडा होतो आणि हवालदार बोत्तोनी त्याच्या मागे लागतो.

येथून जो पाठलाग सुरू होतो, तो या चित्रपटाचा गाभा होय. आरंभी मोटारी धावतात. मग त्या मागे पडतात आणि शहराबाहेरच्या उजाड माळरानावर दोन मध्यमवयीन माणसे एकमेकांमागे धावू लागतात. एक अशक्त, दुसरा स्थूल. दोघांनाही लवकरच धाप लागते. चोर थांबून मागे पाहतो, शिपाई थांबून छाती धरतो. मधले अंतर तसेच ठेवून दोघे श्वास घेतात आणि लांबूनच एकमेकांशी बोलू लागतात. शिपाई शरण येण्यास बजावतो, चोर सवलत मागतो. धमकी, विनवणी, घासाघीस असे सर्व प्रकार होतात आणि पुन्हा थोडे धावणे होते. श्रोतेहो, पोलीसपटाचा साचा येथे पूर्णपणे जागेवर आहे : पळणारा आहे, पाठलाग करणारा आहे, कायदा आहे, पिस्तूलही आहे. नाही ती केवळ ताकद. धाप लागली एवढ्या एकाच गोष्टीने सगळा आव गळून पडतो आणि त्या माळावर फक्त दोन थकलेली माणसे उरतात. हे छायाचित्रण मारिओ बाव्हा यांचे. पुढे भयपटांचे दिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव मिळविले.

चोर अखेर हाती लागतो खरा, पण थोड्याच वेळात निसटतो. अमेरिकन गृहस्थ तक्रार करतात. बोत्तोनीला वरिष्ठांकडून ताकीद मिळते, की तीन महिन्यांच्या आत तो भामटा पकडून आणला नाही, तर नोकरी गेली असे समजावे. आता शिकारी कोण आणि शिकार कोण? बायकोला ही गोष्ट सांगण्याचे त्याच्याने धाडस होत नाही. गणवेष बाजूला ठेवून, साध्या वेषात, तो फेर्दिनान्दोचे घर शोधून काढतो. चोर घरी नसतो. त्याची बायको असते, मुले असतात, म्हातारे माणूस असते. बोत्तोनी ओळख वाढवितो, खाण्याच्या वस्तू घेऊन जातो, मुलांशी बोलतो. हा सारा सापळाच असतो. परंतु सापळा लावणारा हळूहळू स्वतःच त्यात गुंतत जातो. दोन्ही कुटुंबांचा घरोबा होतो. शिपायाची मुलगी आणि चोराचा मेहुणा यांचे मन जुळते. शेवटी एके दिवशी चोराच्या घरी बोत्तोनीच्या सबंध कुटुंबाला जेवणाचे आमंत्रण येते.

त्या दिवशी फेर्दिनान्दो घरी येतो आणि आपल्याच उंबरठ्यावर हवालदाराला पाहतो. नेहमीच्या पोलीसपटात येथे पिस्तुले निघाली असती. येथे दोघे दबक्या आवाजात बोलतात, कारण आत पाने वाढण्याची तयारी चालली आहे आणि बायकामुलांना काही कळता कामा नये. दोघांच्याही घरी एकच भीती आहे : उद्या चूल कशी पेटणार? बोत्तोनीने त्याला पकडले, तर एक कुटुंब उघड्यावर पडणार; न पकडले, तर दुसरे. आणि मग खेळातली अदलाबदल होते. चोर निर्णय घेतो. आपल्याला कामानिमित्त प्रवासास जावे लागत आहे, असे तो घरच्यांस सांगतो आणि तुरुंगाच्या वाटेला लागतो. पाय मागे ओढतात ते शिपायाचे! आपले कर्तव्य बजावण्यास कचरणाऱ्या हवालदाराला चोरच ओढीत घेऊन जातो. आणि चोराच्या माघारी त्याच्या घराकडे लक्ष ठेवण्याचे काम शिपायाकडे येते.

या चित्रपटावर इटलीच्या चित्रपट-परीक्षकांनी आक्षेप घेतला, यात नवल नाही. गणवेषातला माणूस चोराइतकाच दीन, चोराइतकाच घाबरलेला दाखविला, ही गोष्ट सरकारी नजरेला खुपली. शिपायाची निंदा तर चित्रपटात कोठेच नाही. उलट इतका भला शिपाई पोलीसपटांत क्वचितच भेटेल. मग खुपले काय? खुपली ती बरोबरी. गुन्हेगाराला रागाने मारणारा पोलीस व्यवस्थेला चालतो. त्याच्यासमोर बसून आपल्या घरची अडचण सांगणारा पोलीस मात्र अडचणीचा वाटतो. पुढे चित्रपट प्रदर्शित झाला, लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि १९५२ च्या कान महोत्सवात पटकथेचे पारितोषिक पिएरो तेल्लिनी यांस या चित्रपटासाठी देण्यात आले.

येथे कोणी सुज्ञ श्रोता विचारील, की अशा चित्रपटांनी चोरीला पाठीशी घातले जात नाही काय? मुलांना शिकविणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते उत्तर चित्रपटाच्या शेवटातच आहे. फेर्दिनान्दो सुटत नाही. त्याने ज्याला फसविले तो परदेशी गृहस्थ कितीही हास्यास्पद दाखविला असला, तरी फसवणूक ही फसवणूकच राहते आणि तिची शिक्षा भोगावी लागते. कायदा जागच्या जागी राहतो. बदलते ती कायद्याकडे जाण्याची वाट. भीतीने पकडला गेलेला चोर आणि दुसऱ्याची भाकरी वाचावी म्हणून स्वतः तुरुंगाकडे चालू लागलेला चोर, यांत महदंतर आहे. भुकेल्यास अन्न देणे आणि बंदिवानाची विचारपूस करणे ही दोन्ही दयेची कृत्ये म्हणून शुभवर्तमानात शेजारीशेजारी सांगितलेली आहेत. न्याय आणि दया यांची एकाच ताटावर बैठक घालून देणे ही गोष्ट मोठमोठ्या प्रवचनकारांना कठीण जाते. ती येथे एका विदूषकाने आणि एका लठ्ठ हवालदाराने करून दाखविली आहे.

मोनिचेल्ली यांनी हेच सूत्र सात वर्षांनी आणखी पुढे नेले. १९५५ साली जूल्स दासँ यांचा 'रिफिफी' हा फ्रेंच चित्रपट आला होता. त्यात जवाहिऱ्याच्या दुकानावर घातलेल्या दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग आहे. त्यात संवाद नाही, संगीत नाही, केवळ घड्याळासारखे अचूक चालणारे हात आहेत. मोनिचेल्ली यांनी १९५८ साली त्याला उत्तर दिले. चित्रपटाचे नाव 'इ सोलिती इन्योती', म्हणजे 'तेच ते अज्ञात इसम'. चोरीच्या बातमीत नेहमी छापून येणारा हा शब्दप्रयोग. आपल्या वृत्तपत्रांतील 'अज्ञात चोरट्यांनी' हा शब्द आठवावा, म्हणजे नावातली गंमत कळेल.

यातील टोळी पाहण्यासारखी आहे. एक बढाईखोर मुष्टियोद्धा, एक अनाथाश्रमात वाढलेला तरुण, बहिणीला कुलपात ठेवणारा एक सिसिलियन, सदैव काहीतरी चघळणारा एक म्हातारा आणि एक छायाचित्रकार. या छायाचित्रकाराची बायको सिगारेटच्या चोरट्या व्यापारापायी तुरुंगात असून तान्हे मूल त्याच्या कडेवर आहे. ही भूमिका मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी केली. मुष्टियोद्धा झाला व्हित्तोरिओ गासमन. रंगभूमीवर शोकनाट्ये गाजविणारा हा देखणा नट विनोदी भूमिकेत कोणाला पटेल, अशी शंका होती; म्हणून त्याचा चेहरा रंगभूषेने बदलला आणि त्याला तोतरे बोलावयास लावले. तिजोरी फोडण्याची विद्या शिकविणारा वृद्ध गुरू म्हणून तोतो आहे. तो गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला, प्राध्यापकाच्या गांभीर्याने पाठ देतो.

लूट कोठे करावयाची, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हे जवाहिऱ्याचे दुकान नाही. गहाणवटीची पेढी आहे. इटलीत तिला 'मोंते दी पिएता', म्हणजे 'करुणेची राशी', असे नाव आहे. पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी सावकारी पाशातून गरिबांना सोडविण्यासाठी या संस्था काढविल्या. १४६२ साली पेरूजा येथे अशी पेढी निघाली. दारिद्र्यात माणूस घरची वस्तू तेथे ठेवून थोडे पैसे आणी. म्हणजे ज्या तिजोरीवर हे भुरटे डोळा ठेवून आहेत, तिच्यात त्यांच्यासारख्यांच्याच अंगठ्या आणि चमचे पडलेले आहेत. टोळीतून बाजूला पडलेला कोझिमो नावाचा चोर एकट्यानेच पेढीत शिरून कारकुनापुढे पिस्तूल धरतो, तेव्हा कारकून ते शांतपणे हाती घेऊन त्याची किंमत सांगू लागतो. गिऱ्हाईक गहाण टाकावयास आले आहे असेच त्याला वाटते. आपण पोट धरून हसतो. आणि लवकरच तो कोझिमो एका बाईची पिशवी हिसकावून पळताना ट्रामखाली सापडून मरतो. विनोदपटात मरण! हसू ओठांवरच थिजते. इटालियन विनोदाचे पुढे जे वैशिष्ट्य मानले गेले, ते हेच होय : हसणे आणि मृत्यू यांना एकाच गल्लीत राहावयास लावणे.

शेवटी दरोड्याची रात्र येते. 'रिफिफी'मधील ती अर्ध्या तासाची निःशब्द शिस्त येथे पार विस्कटते. पेढीला लागून असलेल्या घरात शिरून मधली भिंत फोडण्याचा बेत असतो. भिंत फुटते, पण ती पेढीची नव्हेच. भगदाडातून पाहतात तो त्याच घराचे स्वयंपाकघर! चुलीवर पास्ता आणि हरभऱ्याची भाजी तयार असते. बेत तर फसला; मग ते भुकेलेले वीर टेबलाभोवती बसून जेवतात. सकाळी मंडळी पांगतात. मुष्टियोद्धा पोलिसांना चुकविण्यासाठी कामगारांच्या घोळक्यात शिरतो आणि त्यांच्यासोबत चक्क बांधकामावर लोटला जातो. त्याचा म्हातारा सोबती बाहेरून घाबऱ्या आवाजात त्याला सावध करतो, की येथे खरोखरच काम करावे लागते! पडद्यावर अखेरीस वर्तमानपत्रातली बातमी झळकते, की अज्ञात इसमांनी भिंत फोडून पास्ता आणि हरभरे खाल्ले. उत्कृष्ट परभाषिक चित्रपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्याची शिफारस झाली होती. परंतु कौतुकापेक्षाही हे महत्त्वाचे, की दरोड्याच्या एवढ्या खटाटोपातून या माणसांना हवे होते ते अखेर एक ऊन जेवण, हे त्या एका बातमीने सांगून टाकले.

आता राहिली स्तेनो यांची गोष्ट. ती थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात नियतीचा विनोद आहे. १९६९ च्या डिसेंबरात मिलान येथे बाँबस्फोट झाला, सतरा माणसे दगावली आणि इटलीत हिंसेचे दशक सुरू झाले. पोलीस काय करीत आहेत, हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. अशा वेळी, १९७२ साली, 'पोलीस आभारी आहेत' असा एक गंभीर चित्रपट आला. कायद्याबाहेर जाऊन गुन्हेगारांना परस्पर ठार मारणाऱ्या गुप्त मंडळाची ती कथा. तेथून कठोर पोलीसपटांची मोठी लाट उसळली. त्या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून नाव होते स्तेफानो वान्झिना. जन्मभर लोकांना हसविणाऱ्या स्तेनोने त्या एका कामासाठी टोपणनाव बाजूला ठेवून स्वतःचे खरे नाव दिले होते. आणि पुढच्याच वर्षी, १९७३ साली, त्याच स्तेनोने 'पिएदोने' हा चित्रपट काढला. त्यातील नेपल्सचा धिप्पाड पोलीस अधिकारी पिस्तूल बाळगीतच नाही. चपराक हेच त्याचे शस्त्र. ज्या हाताने साचा घडविला त्याच हाताने त्याचे हसू केले.

श्रोतेहो, पोलीसपट वाईट असतात असे मला म्हणावयाचे नाही. रक्षण करणाराच्या शौर्याची कथा ऐकणे ही समाजाची गरज आहे, आणि रात्रीच्या गस्तीवर उभ्या असलेल्या शिपायाचे ऋण आपल्यावर आहेच. परंतु त्या कथा पाहता पाहता चोर हा कोणी दुसऱ्याच मातीचा बनलेला असतो, आणि शिपायालाही भूक, थकवा, घरची काळजी काही नसते, अशी समजूत मनात घट्ट होत जाते. ती समजूत एकदा पक्की झाली, की चोराला बेदम मारताना आपल्याला काही वाटत नाही, आणि शिपायाला रात्रंदिवस राबवितानाही काही वाटत नाही. इटालियन विडंबनकारांनी नेमक्या या समजुतीला हात घातला, आणि तोही रागावून नव्हे, तर दोघांनाही धाप लागलेली दाखवून.

लहानपणीच्या त्या खेळात एक नियम होता, की डाव संपला की चोराने शिपाई व्हावयाचे आणि शिपायाने चोर. मोठेपणी आपण खेळ चालू ठेवतो आणि हा नियम मात्र विसरतो. 'शिपाई आणि चोर' या चित्रपटाने तो नियम पुन्हा आठवून दिला, एवढेच आपणांस सांगावयाचे होते.